टाकी भरत नाही

लोहगावात, सात नंबर गल्लीच्या टोकाला
सर्जेराव खांदव्यांच्या बोअरखाली मी बाटली धरली
आणि डोक्यावरून विमान गेलं.
त्यांचं वाक्य मधूनच तुटलं.
आवाज विरल्यावर त्यांनी ते पुन्हा सांगितलं,
पोराचा निकाल सांगावा तसं :
"चौदा वर्षं झाली, ताई.
आमची टाकी एकदासुद्धा भरली नाही.
मैल्याची गाडी ह्या दारात आलीच नाही कधी."

मी वहीत लिहिलं : बोअर दोनशे साठ फूट.
केसिंग वीस.
टाकीपासून अंतर
(टेपचं दुसरं टोक नातवानं धरलं, शौनकनं)
एकतीस फूट.
मध्ये अळूचा वाफा. पानं सुपाएवढी.
"खत कुठलं घालता?"
"कसलं खत? आपोआप माजतंय."

पाणी स्वच्छ होतं, अगदी तळ दिसेल असं.
वास नाही, चव नाही, गढूळपणा नाही.
ह्या पाण्यावर संशय घ्यायचा
म्हणजे गरीब स्वभावाच्या माणसावर घेण्यासारखं.
मी पुडी फोडली, बाटली हलवली,
आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं.

दहा मिनिटांत लोक बरंच काही सांगतात.
टाकी बांधली मल्लप्पानं, आळंदकडचा गवंडी,
हात सोन्याचा.
तळाला काँक्रीट घालू का, विचारलं होतं त्यानं,
मग स्वतःच म्हणाला, राहू द्या मालक,
खाली मुरूम आहे, पिऊन टाकेल.

मुरूम प्याला.
मुरुमाखाली काळा दगड, दगडाला भेगा,
आणि भेगांना सातबारा नसतो.
गल्लीत बावीस घरं, बावीस टाक्या, एकोणीस बोअर.
फक्त जगदाळ्यांची टाकी दरवर्षी भरते.
लोक हसतात त्यांना.

तोवर बाटलीत रंग उतरायला लागला होता.
आधी संशयाइतका फिका,
मग गुलाबी, मग बीट किसल्यावर बोटांना लागतो तसा.
कार्डावरचा शेवटचा चौकोन मागे पडला.
शुद्ध पाणी घालून पाचपट पातळ केलं, पुन्हा दहा मिनिटं.
पंचेचाळीसच्या आत हवं.
एकशे अठरा.

"पण आम्ही उकळून पितो," रेवती म्हणाली,
धाकटी सून, खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ.
उकळल्यानं जात नाही, मी म्हटलं, उलट वाढतं.
पाणी उडतं, ते मागे राहतं.
"बासुंदीसारखं?"
हो. बासुंदीसारखं.
कुणीच हसलं नाही.

फॉर्मवर चौदावा प्रश्न :
बाळाचं वरचं दूध कोणत्या पाण्यात कालवता?
पंधरावा : ओठ, नखं निळसर दिसतात का?
रेवतीनं बाळाची मूठ उलगडली,
खिडकीशी नेली, एकेक बोट पाहिलं.
दुसरं विमान येऊन गेलं तरी पाहत होती.
"नाहीत," म्हणाली. "गुलाबी आहेत."

उद्यापासून जार आणतो, सर्जेराव म्हणाले.
प्लांट कुठे आहे?
त्यांनी बोट दाखवलं कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडकडे,
आणि बोट तसंच राहिलं हवेत,
कारण शेडच्या मागच्या बोअरचा पाइप
त्यांनाही दिसला होता.

चहा आला. बोअरचाच.
फॉर्मवर त्याला रकाना नाही. मी प्याले.

निघताना शौनकला ती बाटली हवी होती.
कोकम सरबत वाटलं त्याला.
हे ओतून टाकायचं असतं रे, मी म्हटलं
आणि बेसिनपाशी गेले.
झाकण अर्धं फिरवलं.
बेसिनचा पाइप टाकीत जातो.
अंगणात ओतावं तर तिथे अळू.

झाकण परत घट्ट केलं.
पिशवीत, पाठीवर, धानोरीपर्यंत, मग ऑफिसात
मी ते पेलाभर पाणी वाहून नेलं.
सिग्नलला थांबले की
ते पाठीशी डुचमळायचं.